कोरडी मेख

चैत्र लागला की आमच्या गल्लीतल्या लिंबाला फुलोरा येतो आणि माझ्या सुनेच्या अंगात कुरडया येतात. गहू भिजतात, चीक शिजतो, बाजा आणि जुन्या साड्या गच्चीवर जातात, शेजारणी जातात, त्यांची पोरं जातात. जात नाही ती एकटी मी. मागच्या वर्षी याच दिवसांत मी जिन्यावरून पडले, खुब्याला चीर गेली आणि पावसाळाभर खाटेवर होते. तेव्हापासून घरात कायदाच झाला आहे की म्हातारीनं जिना चढायचा नाही. डॉक्टर म्हणाले, आजी, आता एकच सांभाळा, पडू नका. मुलानं मान डोलावली, सुनेनं डोलावली, आणि औषधाच्या दुकानातला तो मिशी न फुटलेला पोरगाही गोळ्या देताना तेच बोलला. मी मनात म्हटलं, बाबांनो, पडण्याबद्दल तुम्ही मला सांगता?

परवा दुपारी खिडकीखालून शेरडं गेली. हल्ली परभणीत असला कळप क्वचित दिसतो. राखणाऱ्यानं लांब आकडीनं लिंबाची फांदी ओढली, ती कडकन मोडली आणि पाला सळसळत रस्त्यावर पडला. शेरडांची तोंडं एकदम खाली गेली. तोडलेल्या ओल्या पाल्याचा तो कडवट वास वर आला आणि मी खाटेवरून उठून खिडकीशी गेले. पाल्याचे दिवस आले होते.

आम्ही मेंढरं-शेरडं राखणारी माणसं. सुगी झाली की आम्ही डोंगर सोडून खाली सपाटीला यायचो. झरीच्या, पेडगावच्या काळ्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्याची ज्वारी आम्हाला. उन्हं तापायला लागली की परत जिंतूरकडच्या डोंगरात, आमच्या वाडीवर. वाडी म्हणजे मोजकी घरं, आणि घरांच्या पाठीशी काळा कातळकडा. कड्याच्या मध्यावर रुंद माची होती. तिथं खडकातून पाणी पाझरायचं आणि वड, उंबर, पिंपरणी अंगाला अंग लावून उभ्या असायच्या. खाली सगळं करपून जायचं, पण माची हिरवीच राहायची. वैशाखात आमची शेरडं त्या पाल्यावर जगायची. माचीवर चढायचं, फांद्या तोडायच्या, खाली टाकायच्या, एवढंच काम. पण माचीवर जायला वाट नव्हती. माथा पुढं आलेला, त्यामुळे वरून उतरायची सोय नाही. खालून कातळात दोन उभ्या भेगा गेल्या होत्या, त्याच वाटा. डावी भेग माझ्या थोरल्या चुलत्यांची, नानांची. उजवी आमची. ज्याच्या भेगेतून वर जायचं, माचीचा त्या बाजूचा पाला त्याचा.

हंगामात एकदाच भेग चढावी लागे, आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. एकदा वर पोचून वडाच्या खोडाला दोर बांधला की पुढं महिनाभर दोराला धरून कोणीही वर-खाली करायचं. तो पहिला चढ मात्र उघड्या कातळावरचा. कमरेला सोल बांधायचा. सोल म्हणजे अंबाडीच्या वाखाचा जाड दोर. त्याचं दुसरं टोक खाली बसलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवलेलं. तो जपून जपून सोडत जाणार. चढणाऱ्याच्या खांद्याला बाभळीच्या मेखांची पिशवी आणि कमरेला लाकडी मोगरी. थोडं चढलं की भेगेत मेख ठोकायची, मेखेच्या मानेत केसांच्या दोरीचा फास अडकवायचा, फासात सोल घालायचा आणि शेरडाच्या दाव्याला असते तशी लाकडी गुंडी लावून फास बंद करायचा. मग पुढं जायचं. हात सुटला तर शेवटच्या मेखेच्या खाली तेवढंच पडायचं जेवढं आपण तिच्या वर आलो आहोत. मेख टिकली तर. खालच्यानं दोर धरला तर.

मेखांचे नियम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला भाकरीच्या घासाबरोबर भरवले होते. मेख वर्षभर वाळलेल्या बाभळीचीच. ओल्या लाकडाची कधीच नाही. ठोकताना कान द्यायचा. मेख बसत आली की आवाज चढत जातो, आणि ज्या मेखेचा आवाज चढला नाही तिच्यावर जीव टाकायचा नाही. हंगाम संपला की सगळ्या मेखा काढायच्या आणि त्याच दिवशी चुलीत घालून त्यावर पुरण शिजवायचं. मागच्या वर्षाच्या मेखेवर कोणी भरवसा टाकू नये म्हणून ही रीत. चांगली बळकट लाकडं जाळतात बघून लहानपणी मला फार वाईट वाटायचं.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच उन्हाळे झाले असतील. त्या पावसाळ्यात एक धोंडा घरंगळत आला आणि आबांचा गुडघा फुटला. जिवावरचं गुडघ्यावर निभावलं म्हणायचं, पण पाय कायमचा ताठ झाला. मला भाऊ नव्हता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नाना आले, घोंगडीवर बसले, पाणी प्याले आणि गोडीनं म्हणाले की यंदा तुमची भेग रिकामीच राहणार, तर आता तुमची शेरडं आमच्यात सोडा, तू खाली बसून राखत जा, पोटाची फिकीर करू नको. म्हणजे आमचा कळप संपला. आबा आपल्याच शेरडांचे राखणदार होणार, भावाच्या दारात. आबांनी नानांना उभ्या आयुष्यात उलट उत्तर दिलं नव्हतं. ते खाली बघत राहिले आणि मायनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

मी तेव्हा लग्नाच्या वयाची, किंबहुना ते वय ओलांडून चाललेली. मी म्हटलं, मी चढते.

नाना हसले. मग हसायचे थांबले. मग एकामागून एक कारणं निघाली. माचीवर देवीचा शेंदरी धोंडा आहे, तिथं बाईमाणूस चालत नाही. लुगड्याचा काचा मारून पोरगी पुरुषांच्या डोक्यावर चढणार, सोयरे काय म्हणतील. हात-पाय मोडला तर कोण करून घेईल. मी म्हटलं, देवी बाईच आहे ना? यावर त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. "राज बदललं म्हनून कडा बदलत न्हाई, पोरी." कडा बदलावा असं मला कुठं वाटत होतं? कडा होता तसाच मला हवा होता.

शेवटी त्यांनी कबूल केलं, पण रीत ऐकवून. चढताना जो पडला त्याला कड्यानं इन्कार केला असं धरायचं. मग त्याचा दोर खाली सोडायचा, आणि त्या वर्षीचा त्याचा पाला दुसऱ्या घराचा. रीत जुनीच होती. एवढंच की तोवर ती कोणी इतक्या आनंदानं सांगितली नव्हती.

मग सुरू झाले माझे पडण्याचे दिवस. आबा ताठ पाय पुढं टाकून एका धोंड्याला टेकून बसायचे, दोर पाठीवरून घ्यायचे आणि मला कड्याच्या पायथ्याच्या बुटक्या कातळावर चढवायचे. मला वाटलं होतं, चढायला शिकवतील. ते म्हणाले, चढती तर शेळीबी, तू आधी पडायला शिक. मेख ठोकायला लावली, तिच्यावर कंबरभर चढायला लावलं आणि म्हणाले, "हात सोड. मी हाय."

हात सुटेना. मन सांगत होतं सोड, बोटं ऐकत नव्हती. आज इतक्या वर्षांनी मला त्या बोटांचा राग येत नाही. चालताना खाली बघ, पाय जपून टाक, पडलीस तर जन्माचं वाटोळं, हे कळायला लागल्यापासून त्या बोटांनी ऐकलं होतं. पोरीच्या जातीला कसं पडू नये हे सगळे शिकवतात. पडल्यावर काय करायचं, हे मला फक्त माझ्या बापानं शिकवलं.

किती वेळ मी तशी चिकटून राहिले असेन देव जाणे. आबा ओरडले नाहीत. तंबाखू मळत बसले, एक हात दोरावर. शेवटी बोटं दमली आणि मी गेले. सोल कमरेत करकचून रुतला, खांदा कातळावर आपटला, आणि मी लोंबकळत राहिले. वर बघितलं तर मेख जागच्या जागी. खाली बघितलं तर आबा जागच्या जागी. मला हसू फुटलं. आबा म्हणाले, पुन्हा. त्या चैत्रात मी इतक्यांदा पडले की कमरेभोवती सोलाचा काळा-निळा पट्टाच उमटला. माय त्यावर हळद-तेल लावायची आणि लावता लावता रडायची. मी मात्र मनातून खूश होते. मला पाय कसे पुढं धरायचे कळलं होतं, कातळ येण्याआधी अंग कसं वळवायचं कळलं होतं, आणि कुठली मेख धरेल हे आवाजावरून ओळखता येऊ लागलं होतं. ज्या मेखेवर मी पहिल्यांदा पडले ती मी पिशवीत टाकली नाही. काच्यात खोवून हिंडायचे.

आखितीच्या सकाळी सगळी वाडी खाली जमली. डावी भेग आधी. नानांचा मुलगा गणपा चढायचा होता. माझ्या बाजूनं जाताना तो हळूच म्हणाला, "ताई, मला लय भ्या वाटायलंय. तुला न्हाई का वाटत?" मी म्हटलं, वाटतंय की. तो बिचारा थरथरत, पण नीट वर गेला. नंतर मी दोर बांधला.

खालचा भाग सोपा होता. मेखा मात्र मला जरा जड वाटल्या, आणि ठोकताना आवाज चढायचा तो लवकरच चढायचा. मला वाटलं, बरं झालं, घट्ट बसतायत. कड्याच्या मध्याला आले. तिथं कातळ पोटासारखा पुढं येतो, भेग बारीक होते. पोटाखाली भेगेत एक नाजूक जागा होती. तिथं मी काच्यातली मेख काढून ठोकली. तिच्या वर पिशवीतल्या दोन. मग त्या पोटाशी माझी झटापट सुरू झाली. चढायचं, हात कमी पडायचा, परत पायावर येऊन दम घ्यायचा, पुन्हा चढायचं. ऊन कड्यावर आलं. कातळ तव्यासारखा तापला. घामानं हात निसटायला लागले, ते मी लुगड्याला पुसत होते. शेवटी एकदा उजवा हात पोटावरच्या खोबणीत गेला, मी अंग वर ओढलं, आणि खोबणीचा कपचाच हातात आला.

वरची मेख मी बघितली. ती सुळ्ळकन निघाली, जशी काही लोण्यात ठोकली होती. दुसरीही गेली. मेखा माझ्या अंगावरून खाली गेल्या, वाडी खाली एकदम किंचाळली, आणि मग कमरेला तो ओळखीचा हिसका बसला. मी उलटी होऊन कातळावर आदळले. कपाळ फुटलं. डोळ्यात रक्त आलं. पण मी थांबले होते. डोक्यावर काच्यातली मेख होती, आणि सोल ताणून तिच्यातून खाली आबांकडे गेला होता.

नानांचा आवाज आला. पडली, कड्यानं इन्कार केला, दोर सोड. नाना दुसऱ्यांदा म्हणाले, पोरीचं डोकं फुटलंय, दोर सोड म्हणतो ना. तिसऱ्यांदा ते वाडीचे थोरले म्हणून बोलले, आणि तो हुकूम होता.

मी खाली बघितलं. आबांचा चांगला पाय धोंड्याला टेकला होता, ताठ पाय आडवा, हिसक्यानं त्यांच्या पाठीवरचं सदऱ्याचं कापड फाटलं होतं आणि तळहात सोलून निघाले होते. ते नानांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. तसंच वर बघत ते म्हणाले, "दादा, दोर माझ्या हातात हाय. ती म्हनंल तवा सोडीन."

बस. एवढंच. माझ्या बापानं जन्मात भावाला दिलेलं हे एकच उलट उत्तर. मी नंतर शिकले, शाळेत मास्तरीण झाले, पुस्तकं वाचली, मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. या वाक्याच्या तोडीचं मला कुठं सापडलं नाही, आणि मी शोधायचंही सोडून दिलं.

मी सोड म्हटलं नाही. रक्त पुसलं, कातळाला पाय लावले. पिशवीतल्या मेखेला नख लावून बघितलं. नख आत गेलं. लाकूड आतून ओलं होतं. तेव्हा मला कळलं. पिशवीतली एकच मेख कोरडी निघाली, तीही सगळ्यात बारीक. ती पोटाखालच्या भेगेत जितकी वर बसेल तितकी वर ठोकली. तिचा आवाज मोगरीच्या प्रत्येक घावाला चढत गेला, आणि खाली इतकी शांतता होती की तो आवाज सगळ्यांनी ऐकला असणार. मग कपचा निघाला होता तिथंच हात घातला. कपचा निघून खोबण आधीपेक्षा खोल झाली होती. कड्यानं इन्कार केला म्हणणाऱ्यांनी ती खोबण बघायला हवी होती.

माचीवर पोचल्यावर मी काय केलं, असं नातवंडं विचारतात. काही नाही केलं. वडाला दोर बांधला, पाझराचं पाणी प्याले, कपाळ धुतलं, शेंदरी धोंड्याला हात जोडले. मग पिंपरणीची पहिली फांदी तोडून खाली टाकली. रीतीप्रमाणे पहिली फांदी चढणाऱ्याच्या घरची. आमच्या मोरी शेळीनं ती नानांच्या पायापाशी उभी राहून खाल्ली.

मेखा ओल्या कशा झाल्या, ते मायनं त्याच दिवशी सांगितलं. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण पाण्यात घालतो, लाकूड फुगतं, घट्ट बसतं. माझ्या काळजीनं तिनं आदल्या संध्याकाळी सगळी पिशवी पाण्याच्या घागरीत बुडवून ठेवली होती आणि पहाटे वरवर वाळवली होती; सगळ्यात बारीक होती ती एकच मेख तेवढ्यात आतपर्यंत वाळली. फुगलेल्या मेखा उन्हात आक्रसल्या. सांगताना तिला हुंदके आवरेनात. आबा सोललेल्या तळहातांवर तूप लावत बसले होते. ते हसायला लागले आणि थांबेचनात, आणि मग आम्ही तिघंही हसलो. माझ्या मायनं आयुष्यात जे जे केलं ते असं घट्ट बसावं म्हणूनच केलं. मी तिला बोल कसा लावणार?

खरी लढाई तर पुढंच झाली. हंगाम संपेपर्यंत वाडीत बोलणं पसरलं की पोरगी वाचली ती देवीनं धरलं म्हणून. दोन मेखा निघाल्या आणि तिसरी टिकली, हे माणसाचं काम नाही. आणि हे सर्वांत मोठ्यांदा सांगायला लागले ते नाना. ती मेख काढायची नाही असं त्यांनी ठरवलं. तिला शेंदूर लावायचा, खाली दिवा ठेवायचा, आणि देवीच्या जागी पुन्हा कोणी मेख ठोकायची नाही, म्हणजे ती भेगच बंद. मला आधी त्यांचा डाव कळलाच नाही. लोक माझ्या पाया पडायला लागले होते आणि कोणाला आवडत नाही? मग एक दिवस आबांकडे बघितलं. त्यांचे तळहात अजून भरले नव्हते. शेंदूर लावायला त्यांच्या हाताकडे कोणी आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी उतरत आले, पोटाखाली थांबले आणि मोगरी काढली. खाली नाना शेंदराची वाटी घेऊन उभे होते. मी मेखेला डावी-उजवी ठोकून हलवली आणि उपसून काढली. अवघड गेलं. चांगली बसली होती. खाली येऊन ती बाकीच्यांबरोबर चुलीत घातली. नाना म्हणाले, पाप करायलीस. मी म्हटलं, "नाना, वाळलेलं लाकूड हाय. पुरन शिजू द्या." पुरण शिजलं. नाना जेवायला बसले नाहीत. गणपा मात्र पोटभर जेवला. पुढच्या आखितीला मी नवी मेख घेऊन पुन्हा तीच भेग चढले, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा परत पडले. दोर सोड, असं त्या वेळी कोणी म्हणालं नाही.

काल दुपारी मुलगा कामावर गेलेला बघून मी सुनेला, सुनंदाला, हाक मारली. म्हटलं, मला गच्चीवर यायचं आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. हातावर कुरडयांचा चीक वाळला होता. नको म्हणेल असं वाटलं, पण ती हात धुऊन आली. माझा दंड धरून पुढून ओढायला लागली, तर मी सांगितलं, पुढं नको, मागं राहा. अंथरायला काढलेली एक जुनी साडी मी कमरेला बांधली आणि पदर तिच्या हातात दिला. तिला हसू आलं, पण तिनं तो मनगटाला गुंडाळून घेतला.

अर्ध्यावर पाय सटकला. गुडघा पायरीवर बसला आणि साडी कमरेत ताणली गेली, आणि तेवढ्यात खालचं दार उघडलं. मुलगा काहीतरी विसरलं म्हणून परत आला होता. त्यानं वर बघितलं आणि त्याचा आवाज चढला. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, वेड लागलंय का दोघींना, सुनंदा, आईला आधी खाली आण.

ही गोष्ट मी सुनंदाला कधी सांगितलेली नाही. नातवंडांना सांगितली, तिला सांगायला कधी सवडच झाली नाही. ती नेहमी चुलीपाशी. माझ्या पाठीशी तिचा श्वास ऐकू येत होता. साडी जराही ढिली झाली नव्हती.

"त्या म्हणतील तेव्हा आणते," ती म्हणाली.

मी काही म्हणाले नाही. कठडा धरला, गुडघा सरळ केला आणि वरची पायरी घेतली.